वलीसाठी एवढंसं

मुझम्मिलनं ती गोष्ट लिफ्टमध्ये बोलायला नको होती. अजमानच्या त्या इमारतीत त्यांच्याशिवाय रत्नागिरीकडची चार घरं होती, आणि लिफ्टमध्ये निघालेला शब्द पाचव्या मजल्यावर पोचायच्या आत चारही घरांत पोचत असे.

"शनिवारी रास अल खैमाच्या डोंगरात चाललोय," तो ऐटीत म्हणाला. "या बाजूनं चढायचं, वरचा माळ आडवा तुडवायचा आणि पलीकडं उतरायचं. फक्त सहा तास."

"पलीकडं म्हणजे आपल्या वलीच्या तिथं?" खैरुद्दीन चाचांनी विचारलं. वली त्यांचा भाचा. पलीकडच्या पायथ्याशी एका अरबाच्या मजऱ्यावर, म्हणजे शेतघरावर, राखणीला होता.

"तोच तर आम्हाला पिकअपमधून परत आमच्या गाडीपाशी सोडणारे."

"अरे वा! मग वलीसाठी एवढंसं नेशील?"

मुझम्मिलच्या बायकोनं, तहसीननं डोळे मिटून घेतले. लग्न होऊन आखातात आल्यापासून आठ वर्षं ती हे 'एवढंसं' ओळखून होती. माणूस गावाला निघो, नाहीतर नुसता शारजाला दाढ काढायला. त्याचे हात रिकामे जाऊ द्यायचे नाहीत, असा इथला दंडक. आणि नाही म्हणायचा रिवाज तर कुणी पाडलाच नव्हता.

"तू हो म्हणालासच का?" घरात शिरताच तिनं विचारलं.

"चाचांना नाही कसं म्हणू? एवढंसंच तर आहे."

"मुझम्मिल, आपल्याबरोबर सहा वर्षांची पोर आहे. पाच चाळीसला सूर्य मावळतो. पाचला झारा मला खाली हवी. अंधारात त्या कड्यावरून मी तिला उतरवणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"इन्शाल्ला दुपारी बारालाच उतरू."

त्या इन्शाल्लावर तिचा भरवसा नव्हता. ती मायक्रोबायॉलॉजीची बीएस्सी होती. जे दिसत नाही त्यालाच जास्त घाबरायचं, हे तिला कॉलेजनं शिकवलं होतं. तिनं हवामानाची तीन अ‍ॅप बघितली. पाऊस दोन दिवसांपूर्वी पडून गेला होता आणि पुढचा आठवडा कोरडा होता. तरी तिनं झाराच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि शिट्टी निर्जंतुक करून घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजू लागली. एका घरातून सुक्या कोळंबीचे सोडे आले. दुसऱ्या घरातून लोणच्याची बरणी आली. तिसरीनं "डोंगरात थंडी असते हो" म्हणत दोन माणसांची रजई दिली. शेवटी खुद्द चाचा आले. त्यांच्या हातात अ‍ॅल्युमिनियमचा टोप होता. त्यात झारा सहज मावली असती.

"चाचा, हा?"

"वलीकडं पाहुणे येत असतात गं. छोट्या भांड्यात बिर्याणी कशी करायची बिचाऱ्यानं?"

"पण आम्ही चालत जाणार!"

"मग सावकाश जा. घाई कशाला?"

शनिवारी सकाळी चढणीला मुझम्मिलनं टोप पाठीवर पालथा बांधला. मागून तो दोन पायांवर चालणाऱ्या कासवासारखा दिसत होता. झारानं तसं सांगितलंही: "डॅडी, यू लुक लाइक अ टर्टल." कासवाची चाल कासवाचीच. माथ्यावर नऊला पोचायचं, ते पावणेअकराला पोचले. तहसीननं घड्याळ बघितलं, झाराला टोपी घातली, परत घड्याळ बघितलं.

वर मात्र दृश्य असं की तीसुद्धा घड्याळ विसरली. मैलोन्‌मैल उघडा माळ. ना झाड, ना माणूस, ना मोबाईलला रेंज. जुन्या डोंगरी लोकांनी कधीकाळी गहू पिकवायला दगडी बांध घालून खाचरं केली होती. ती आता ओस पडलेली. पण पावसानं त्यांच्यावर पोपटी गवत आलं होतं आणि जागोजागी पाणी चमकत होतं.

"हा तर आपला कोकणातला कातळाचा सडा!" मुझम्मिल हरखून ओरडला. "लहानपणी रोज सडा तुडवत शाळेत जायचो मी."

"बांधाबांधानं जाऊ या. पाण्यात पाय नको."

"अगं, पाणी दिसतं तिथूनच चालायचं असतं! सड्यावर पाणी साचतं, कारण खाली कातळ असतो. घोटाभर पाणी, खाली पक्की फरशी. कोकणात राहून एवढं माहीत नाही?"

आणि तो बांधावरून उतरून सरळ पाण्यातून चालू लागला, नाइलाजानं मागोमाग या दोघीही. पहिली चार खाचरं वरचा थर घट्ट होता, म्हणून त्याचं म्हणणं खरंही वाटलं. पाचव्यात कळलं, खाली कातळ नव्हताच. डोंगरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या भरभरून आणून घातलेली मऊ माती होती, आणि ती दोन दिवस पाणी पिऊन तट्ट फुगली होती. मुझम्मिल एक पाऊल गेला ते घोट्यापर्यंत, दुसरं गेला ते गुडघ्यापर्यंत. तिसरं पाऊल नव्हतंच.

"हलू नकोस!" तहसीन बांधावरून किंचाळली.

"हलायला येतंय कुठं!"

तिनं रजईचं एक टोक त्याच्याकडे फेकलं आणि दुसरं धरून ओढलं. मुझम्मिल बाहेर आला. डावा बूट आला नाही.

"तीनशे दिरहमचा होता! म्हणजे सात हजार रुपये!"

"काढायला जाणारेस?"

तो गेला नाही. मागे वळून बघितलं तर जी चार खाचरं सहज पार केली होती, ती त्यांच्याच पावलांनी कालवून निघाली होती. पुढे तशीच आणखी तीन. डावीकडे कडा, उजवीकडे बांध ढासळून नुसता रेंदा. दुपारचा एक वाजला होता.

"मम्मा, आर वी स्टक?"

"नाही गं बाळा," तहसीन म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की झारानं शिट्टी तोंडात धरली.

घाबरलेल्या माणसाची नजर सगळीकडे फिरते. त्याचा कधीकधी उपयोग होतो. तहसीनची नजर कड्यावर गेली, आभाळात गेली, नवऱ्याच्या चिखलानं भरलेल्या मोज्यावर गेली आणि टोपावर थांबली. बुड रुंद, सपाट. काठाला दोन भक्कम कड्या.

"सोड तो."

"चाचांचा टोप?"

"झाराला आत बसव. सामानपण आत टाक. आपल्या पाठीवर ओझं आहे म्हणून आपण रुततोय. टोप चिखलावरून सरकेल. आपण काठ धरून गुडघ्यांवर रांगायचं."

"तहसीन, लोक बघतील तर काय म्हणतील?"

"कोणते लोक?"

मुझम्मिलनं टोप सोडला. रजई टोपात अंथरली, तिच्यावर झारा, झाराच्या मांडीवर सोडे आणि लोणचं. दोन्ही कड्यांना दोरी लावली. आणि रत्नागिरीची एक पदवीधर व दुबईतल्या शिपिंग कंपनीचा एक असिस्टंट मॅनेजर त्या माळावर रांगू लागले. टोप लोण्यावरून सुरी जावी तसा जात होता. रांगणारे तसे जात नव्हते. जिला वाचवायला हा सगळा खटाटोप, ती आत उभी राहून शिट्टी फुंकत होती.

"यल्ला, फास्टर! डॅडी, यू आर सो स्लो!"

"खाली बस!" तहसीन दर दोन हातांवर ओरडत होती. "झारा, खाली बस म्हणते ना!" चिखलात किती प्रकारचे जीवाणू असतात ते तिला नावानिशी पाठ होतं. आज एकही आठवला नाही.

तिसऱ्या खाचराचा बांध हाताला लागला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. उतरण ती झाराचं मनगट धरूनच उतरली. एका बुटानं मुझम्मिल, त्याच्या डोक्यावर टोप. ऊन पिवळं झालं, मग तांबडं. खालचा मजरा दिसला, खजुरी दिसल्या, आणि पाच वाजून वीस मिनिटांनी झाराचे पाय सपाट जमिनीला लागले. तहसीननं तिला डोक्यापासून नखापर्यंत चाचपलं. ओरखडासुद्धा नव्हता. मग कुठे तिनं श्वास सोडला.

तेवढ्यात रडण्याचा आवाज आला. खजुरीखाली चाचांची सात सीटची गाडी उभी, आणि पुढे चाची डोळ्यांना ओढणी लावून बसलेल्या. त्यांची मुलगी सुमैय्या धावत आली.

"भाभी! आहात तुम्ही! वली दुपारपासून वाट बघून थकला, दोनला त्यानं फोन केला. आम्ही सगळे तसेच निघालो. तो पिकअप घेऊन तुम्हाला शोधायला डोंगराच्या त्या बाजूला गेलाय."

चाचा पुढे झाले. त्यांनी मुझम्मिलला मिठी मारली, मग टोप हातात घेऊन उलटासुलटा केला. "चिखल कसला लागलाय हा?"

तहसीन गाडीकडे बघत होती. गाडीच्या चाकांखाली गुळगुळीत डांबरी रस्ता होता आणि तो थेट वलीच्या दारापर्यंत आला होता.

"चाचा," ती शांतपणे म्हणाली, "अजमानहून इथपर्यंत गाडी येते?"

"येते की. दीड तास. झक्कास रस्ता."

"मग टोप गाडीनं का नाही आणलात?"

चाचांना प्रश्नच कळेना. "खास टोपासाठी एवढी गाडी काढायची? तुम्ही तर चालत येतच होता!"

मुझम्मिल खाली बसला. सुमैय्या घाईघाईनं म्हणाली, "खलास, झालं ते झालं. चला, बसा गाडीत." आणि तिनं दार उघडलं.

चाचा, चाची, सुमैय्या आणि बाकीच्या घरांतली एकेक मिळून सहा माणसं आली होती. सातव्या सीटवर, वाचलेल्यांना भूक लागली असेल म्हणून, जेवणाचे डबे होते. वाचलेल्यांना घरी न्यायचं कसं, हे निघताना कुणालाच सुचलं नव्हतं.

 मग चाचांनी दाढी खाजवली.

"असं करा," ते म्हणाले, "वली याच रस्त्यानं परत येईल. तुम्ही तिघं हळूहळू चालायला लागा. आम्ही आहोतच मागे."

तहसीननं डबे उचलून मुझम्मिलच्या हातात दिले. रिकाम्या सीटवर झाराला बसवलं, पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला. स्वतः पुढच्या, चाचांच्या सीटवर जाऊन बसली. बाकीचे आपापल्या जागी बसले आणि सुमैय्यानं गाडी सुरू केली.

तहसीननं काच खाली केली.

"चाचा," ती अदबीनं म्हणाली, "तुम्ही दोघं चालायला लागा. आम्ही आहोतच मागे."