फुलाफुलांची खोळ

मुलीने दफ्तरींना सर्व्हर शिकायला कॉम्प्युटरचा छोटा डबा आणा म्हणून सांगितलं होतं. दफ्तरींनी दोन हमालांच्या खांद्यावरून लोखंडी धूड घरात आणलं.

"बाबा, यादीत काय लिहिलं होतं मी? पुस्तकाएवढा कॉम्प्युटर, सोळा जीबी मेमरी, दोन डिस्क. हे काय उचलून आणलंत?"

"खरा सर्व्हर आहे. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला. वजन तरी बघ!"

दफ्तरींची तीस वर्षं ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. तिथे जाड तेच टिकतं आणि शत्रू एकच, धूळ. आता सगळे कागद मशिनमध्ये चालले होते. साहेबांनी बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत शिका, सर्व्हर रूमची किल्ली तुमची. नाहीतर बदली तळघरातल्या गोदामात. तळघराचं नाव काढलं की दफ्तरींचे गुडघे आधीच कुरकुरत.

त्यांनी बटण दाबलं आणि घरात विमान उतरलं.

"मला माहेरी न्यायला आलंय का हे?" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

दफ्तरी म्हाताऱ्या आईकडे गेले. "आई, धूळ बसायला नको आणि आवाजही दबायला हवा. एक खोळ शिवून दे."

आईने जुन्या पडद्याची, आत कापूस भरलेली, झकास फुलाफुलांची खोळ शिवली. कापड उरलं म्हणून दुसरी शिवली. ती दफ्तरींनी ऑफिसच्या सर्व्हरला घातली. साहेब खूश झाले.

त्यानंतर घरचं मशिन रोज अर्ध्या तासात मान टाकू लागलं. दफ्तरींनी मेमरी बदलली, डिस्क काढून पुन्हा बसवली, वायर बदलली, तीन पुस्तकं पालथी घातली. एका रविवारी मुलीने खोळीखाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला.

"अहो बाबा, याला ताप आलाय का, घाम काढायला पांघरूण घातलंत ते? मागून हवा कशी जाणार?"

खोळ काढली. मशिन दिवसभर न थांबता गर्जत राहिलं. दफ्तरी टाळ्या पिटणार, इतक्यात त्यांना दुसरी खोळ आठवली आणि हात हवेतच राहिले.

सोमवारी ते धावतच ऑफिसात शिरले. सर्व्हर रूममध्ये साहेब लालबुंद, आणि बाहेरून बोलावलेला इंजिनियर घामाघूम.

"पंधरा दिवस झाले, रोज दुपारी बंद पडतंय," इंजिनियर म्हणाला. "नवीनच घ्यावं लागेल."

"मी बघू का?"

"तुम्ही? काका, ही फाइल नाही."

दफ्तरींनी खोळ ओढून काढली, पाठीमागे हात धरला, मशिन गार होऊ दिलं आणि बटण दाबलं. दुपार झाली, चार वाजले, सहा वाजले. मशिन चालूच.

"काय केलंत?" साहेबांनी विचारलं.

दफ्तरींनी खोळ पुढे धरली. "खोळ काढली, साहेब. हवा कोंडत होती. चूक माझीच, खोळ आमच्या घरची."

इंजिनियर हसला. साहेब हसले नाहीत, त्याच्याकडे वळले.

"चूक त्यांची, पण सापडलीही त्यांनाच. तुम्ही पंधरा दिवस ती फुलंच बघत होतात ना?" त्यांनी किल्ली दफ्तरींच्या हातावर ठेवली. "आणि ती खोळ टाकू नका. आईंच्या हातची आहे. माझ्या खुर्चीला घाला."

तेव्हापासून ऑफिसचा सर्व्हर एकदाही बंद पडलेला नाही. दुपारी जेवण झालं की साहेब मात्र त्या खुर्चीत रोज बंद पडतात.