रिकाम्या पलंगांचे शुश्रूषागृह

मनुष्यदेह नश्वर आहे, हे आपण प्रत्येक कीर्तनाच्या पूर्वरंगात ऐकतो. पण चादर टिकवता येते, हे कोणी बुवा सांगत नाहीत. ते ज्ञान आम्हा अमरावतीकरांना राजापेठेजवळच्या करुणासागर शुश्रूषागृहाने दिले.

निराधार, आजारी म्हाताऱ्यांसाठी काढलेली ही संस्था. पूर्वी सरकारी तपासणी आधी कळवून येई. मग भिंतींना चुना लागे, शेजारच्या दवाखान्यातून थर्मामीटर उसने येई, कोंबड्या हाकलल्या जात आणि म्हाताऱ्यांना आंघोळ घडे. (वर्षातून एकदा का होईना घडे, हे तपासणीचे पुण्यच.) पुढे नवे राज्य झाले आणि नवे नियम आले. दोन पलंगांत अंतर असावे. चादर डागविरहित व सुरकुतीविरहित असावी. आणि मुख्य म्हणजे, तपासनीस यापुढे न कळवता येतील. नापास संस्थेचे अनुदान बंद.

चिटणीस महादेवराव विचारी गृहस्थ. त्यांनी विचार केला तो असा: तपासणी केव्हाही येणार, म्हणजे पलंग सदैव तयार हवेत. पलंग खराब कशाने होतो? ढेकणांनी दहा टक्के, धुळीने पाच टक्के, बाकी सगळा रुग्णाने. ढेकूण आणि धूळ यांपुढे माणसाचा इलाज चालत नाही. सबब रुग्णांना मागच्या टिनाच्या गोठ्यात हलवण्यात आले.

खिडकीजवळचा पलंग मनकर्णाबाईंचा. छातीत कफ, अंगात ताप, आणि आता पाठीखाली ओली जमीन. त्यांचे हाल पाहवेनात तेव्हा आया पंचफुला चिटणिसांकडे गेली.

"भाऊसाहेब, बुढीले पलंगावर निजू द्या. रातभर खोकलून राहिली. अशानं मरून जाईन ते."

"आन चादर चोयामोया झाली तं? तपासणीवाल्याले तू तोंड देशीन काय?"

"देईन नं! फक्त तोंडाले सुरकुत्या असल्या तं चालते का, तेवढं त्याले इचारून ठेवा."

तेवढ्यात गोठ्यातून मनकर्णाबाईंचा आवाज आला, "अरे महादेवा, मी निजाले जागा मागून राहिली, चादर खाऊन नाई राहिली!"

महादेवराव रागावले नाहीत. भाविक माणूस. "माय, देहाचा एवढा मोह बरा नाई," एवढेच म्हणाले. (निरूपण उत्तम होते. बुवा मात्र गादीच्या खुर्चीवर होते.)

श्रावणात एका दुपारी तपासनीस अवचित आले. रांगेतले शुभ्र पलंग पाहून थक्कच झाले.

"रुग्ण कुठे आहेत?"

"कीर्तनाला गेलेत, साहेब."

"भर दुपारी?"

"चातुर्मास आहे, साहेब."

साहेबांनी टोपी काढून हात जोडले. कीर्तनाने पाप धुतले जाते, हे मी जन्मभर ऐकत आलो. झाकलेही जाते, हे तेव्हा कळले. एवढ्यात मागून खोकल्याची उबळ आली.

"हे कोण?"

"गाय आहे, साहेब."

साहेब कनवाळू. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गुरांचा डॉक्टर पाठवला. मनकर्णाबाईंसाठी त्या घरात आलेला हा पहिला डॉक्टर. त्याने गोठ्यात वाकून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले, "हे माझ्या खात्यात येत नाही," असे म्हणाला आणि सायकलवर टांग मारून गेला.

शेरा मात्र झकास आला: 'रुग्णांची प्रकृती इतकी सुधारलेली की एकही जण अंथरुणाला खिळलेला आढळला नाही. अनुकरणीय.' अनुकरण लगेच सुरू झाले. अकोल्याचे संस्थाचालक मोटार करून पाहून गेले. तिकडे आता गोठ्यांना मागणी आहे.

पंचफुला अजून रोज विचारते, आणि महादेवराव रोज सांगतात, "तपासणी झाली का मंग पाहू." तपासणी केव्हाही येऊ शकते, म्हणून ती कधीच झालेली नसते.

वाचकहो, गेल्या रविवारी तुम्हीही येऊन गेलात. वाटायला केळी आणली होती. ती टेबलावर ठेवलीत. स्वच्छता पाहून तुमचे डोळे पाणावले. रुग्ण कुठे आहेत, हे तुम्ही विचारले नाही. विचारलेत ते एवढेच, की खिडकीजवळचा पलंग रिकामा दिसतो, तेव्हा दिवाळी झाली की आईला आणून सोडले तर चालेल का?

महादेवरावांनी आनंदाने होकार दिला. त्याच संध्याकाळी पंचफुलाने गोठ्यात मनकर्णाबाईंना जरा भिंतीकडे सरकवून तुमच्या आईपुरती जागा केली.