विनातोड चाचणी

शिड्यांच्या कारखान्यात नवे व्यवस्थापक रुजू झाले आणि पहिल्याच फेरीत त्यांना परीक्षण विभागात उघड उघड गुन्हा घडताना दिसला. तपासनीस बाईंनी शिडीची कोरी पायरी यंत्रात आडवी ठेवली होती आणि वरून दट्ट्या दाबत होता. पायरी वाकली, कण्हली आणि मोडली. बाईंनी समाधानाने मान डोलावली.

"हे काय चाललंय?"

"किती भाराला मोडते ते बघतेय, साहेब."

"म्हणजे पगार देऊन आपण आपलाच माल मोडून घेतो?"

"मोडल्याशिवाय कळणार कसं?"

"कळून काय करायचंय? आपल्याला विकायचाय."

संध्याकाळी परिपत्रक निघाले. कारखान्याच्या मालाची हेतुपुरस्सर मोडतोड यापुढे गैरवर्तन समजण्यात येईल. चाचणी मात्र अधिक काटेकोरपणे सुरू राहील. बाईंनी विरोध केला, तेव्हा त्यांचा दृष्टिकोन नकारात्मक असल्याचा शेरा पडला. नोकरी टिकवायची होती. बाई परत यंत्रापाशी गेल्या. आता दट्ट्या पायरीला नुसता टेकवायचा आणि ती कुरकुरली की अदबीने उचलायचा. पुढे यंत्र फार वीज खाते म्हणून तेही बंद झाले. बाई पायरीवरून हात फिरवून 'उत्तीर्ण' लिहू लागल्या.

नापास मालाचे प्रमाण शून्यावर आले. गुणवत्तेची ढाल मिळाली. मग साहेबांना प्रश्न पडला, की एकही पायरी मोडत नसताना इतका जाड पत्रा कशाला? पत्रा पातळ झाला. पायऱ्या उत्तीर्ण होतच राहिल्या.

अशात साहेबांचे सासरे दिवा बदलायला शिडीवर चढले आणि पायरीसकट खाली आले. मांडीचे हाड मोडले.

"तुमच्याच कारखान्याची ना शिडी?" इस्पितळात बायकोने विचारले. "तपासली नव्हती?"

"अगं, तपासली होती. पहिल्या श्रेणीत पास झालीय."

"मग मोडली कशी?"

"बाबांनी मोडली. आम्ही कधी मोडलीय का? चढायच्या आधी विचारायचं तरी!"

"जावईबापू," खाटेवरून सासरे कण्हत म्हणाले, "दिवा वर होता हो."

चौकशी समिती बसली. शिडी निर्दोष ठरली. चढणाऱ्या इसमाची मात्र कोणतीही पूर्वचाचणी झालेली नव्हती, ही गंभीर त्रुटी समितीने नोंदवली. सासऱ्यांना समज देण्यात आली.

ते ऐकून बाईंना आपल्याच हातांची किळस आली. त्यांनी राजीनामा दिला आणि त्या थेट शिड्यांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्यात तुम्ही होता, मीही होतो.

"घेऊ नका," बाई कळवळून म्हणाल्या. "मीच पास केल्यात या. माणूस चढला की पायरी मोडते. एका म्हाताऱ्याचा पाय मोडला."

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. चुकचुकलो. काय दिवस आलेत, असेही कोणीतरी म्हणाले. मग दुकानदाराकडे वळून आपण विचारले,

"हीच निळ्या रंगात आहे का?"