दशरथ उजगऱ्यांचं तारण

दशरथ उजगऱ्यांची शवपेटी येरवड्याच्या घरात पुढच्या खोलीत ठेवली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन पाळक बसले होते. दोघांच्या मांडीवर पवित्र शास्त्र, आणि दोघांच्या चेहऱ्यावर ‘हा इथे कशाला?’ असा भाव. थोरले भाऊ कोंडीराम यांनी जुन्या चर्चच्या साळवे पाळकांना बोलावलं होतं. दशरथरावांची बायको इंदुबाई हिंजवडीकडच्या प्रार्थनासंगतीला जात, म्हणून त्यांनी तिथल्या पास्टर रविराजना फोन केला होता. रडण्याच्या भरात कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

इंदुबाईंच्या छातीवर मात्र वेगळाच धोंडा होता. दशरथरावांनी चर्च सोडून कित्येक वर्षं झाली होती. रविवारी पत्ते, संध्याकाळी बाटली. आणि तितकीच वर्षं त्या रोज म्हणत आल्या होत्या, “अहो, तुमचं तारण गेलं, स्वर्गाचं दार बंद झालं!” कालही चहा देताना म्हणाल्या. “कपाटाखाली बघ. तिथेच सापडतं सगळं,” दशरथराव म्हणाले, बशी खाली ठेवली आणि मान टाकली.

“पाळकसाहेब,” इंदुबाईंनी विचारलं, “एकदा मिळालेलं तारण जातं का हो?”

“मुळीच नाही,” साळवे म्हणाले. “प्रभूने धरलेला हात सुटत नाही.”

“जातं,” रविराज म्हणाले. “माणूस स्वतःच हात सोडवून घेतो ना!”

इंदुबाईंनी असा हंबरडा फोडला की शेजारच्या बायका आत धावल्या. कोंडीराम कडाडले, “अहो पास्टर, मढं घरात आहे. जरा बेतानं!”

रविराज वरमले. “तसं नाही. शेवटच्या क्षणी पश्चात्ताप केला तर परत मिळतं. यांनी केलाच असणार.”

“कशावरून?” साळव्यांना हे रुचलं नाही. “या गृहस्थाने भर सभेत माझ्या उपदेशाला झोपेची गोळी म्हटलं होतं. तारण जात नाही, हे खरंच. पण याला ते मुळात मिळालं होतं का?”

म्हणजे तारण जात नाही म्हणणाऱ्याने दशरथरावांना बाहेर काढलं, आणि जातं म्हणणाऱ्याने दारापर्यंत आणून सोडलं. इंदुबाई आळीपाळीने दोघांकडे बघत राहिल्या. त्यांचं रडूसुद्धा थांबलं.

“दफनभूमीचं फाटक बंद होईल,” कोंडीराम म्हणाले. “उरलेलं गाडीत बोला.”

शववाहिका पुढे निघाली. दोन्ही पाळक रविराजांच्या गाडीत बसले आणि वादाच्या भरात वळण चुकून नगर रस्त्याच्या गर्दीत अडकले. कोंडीरामांनी फोन लावला, तर पलीकडून “पण शास्त्राच्या मूळ ग्रीकमध्ये...” एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला.

खड्डा तयार होता. खोदणारे फावड्यांवर रेलून उभे होते. ऊन उतरलं. रखवालदार दोनदा येऊन किल्ल्या वाजवून गेला.

“इंदू, आता तूच प्रार्थना कर,” कोंडीराम म्हणाले.

इंदुबाई पुढे झाल्या. पदर डोक्यावरून घेतला.

“प्रभू,” त्या म्हणाल्या, “यांच्याबद्दल मी तुला रोज सांगत होते. एकही गोष्ट खोटी नव्हती. पण त्या बायकोच्या तक्रारी होत्या रे. तू एवढ्या मनावर घ्यायच्या नव्हत्यास.” त्यांचा आवाज फाटला. “आता नेलंच आहेस, तर आत घे. बाहेर उभं करू नकोस. त्यांचे गुडघे दुखतात.”

तेवढ्यात दोन्ही पाळक धापा टाकत आत आले. काय मागितलं गेलं, कोणासाठी, कोणत्या आधारावर, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली दिसल्या, म्हणून दोघे एकदमच म्हणाले, “आमेन.”

त्यावर मात्र वाद झाला नाही.