डाव्या प्रांताची मूठ सुटली तें वर्तमान

श्री. जो सर्वां देहीं बसून सर्व पाहतो आणि कोणास दिसत नाहीं, तो लिहिणारास सांभाळो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्र मासीं एका राज्यावर प्रसंग गुदरला, तो येणेंप्रमाणें.

राज्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं. लांबी साडेपांच फूट, चहूंकडे कातडीचा कोट, माथ्यावर हाडांचा किल्ला, आणि किल्ल्यांत मेंदूमहाराज राज्य करीत. किल्ल्यांत अंधार इतका कीं महाराजांनीं जन्मांत सूर्य पाहिला नाहीं; जासूद येऊन सांगत तेवढेंच कळे. जासूद मज्जातंतूंच्या वाटेनें ऐसे धांवत कीं पायाच्या अंगठ्यास खडा रुतला, तों किल्ल्यांत बोंब. डाव्या हाताच्या प्रांताचें दफ्तर उजव्या महालांत, आणि उजव्याचें डाव्या महालांत. ऐसें कां, हें कोणी विचारिलें नाहीं, पूर्वापार आहे म्हणोन चालत होतें. डाव्या प्रांताचे दफ्तरदार बाबदेवपंत, मनुष्य इमानी आणि हट्टी. डोळ्यांचे दोन बुरूज, त्यांवर टेहळणीस सटवोजी.

ह्या राज्याचा उद्योग रसवंतीचा. शेजारचें राज्य राणीसाहेबांचें, लग्नसंबंधानें जोडलेलें. त्या गाळणी धरीत, हे ऊस घालीत. चैत्रीं गिऱ्हाईक दाटलें, आणि महाराजांचें लक्ष बर्फाकडे गेलें, आणि डावा प्रांत ऊस धरूनच चरकांत गेला. मग राणीसाहेबांनीं चरक थांबविला, मग इस्पितळ जाहलें, मग शल्यवैद्यांनीं तो प्रांत मनगटापासून खालसा केला.

जखम भरली, तरी डाव्या प्रांतीं कळ राहिली. कारण, प्रांतांतून शेवटची वर्दी आली होती कीं मूठ आवळली आहे, नखें तळव्यांत रुततात. त्यानंतर वर्दी नाहीं. आणि दरबारचा शिरस्ता ऐसा कीं नवी बातमी येईतों जुनी कायम. महाराज हुकूम करीत, "मूठ सोडा!" जासूद मनगटापर्यंत जाई, पुढें वाट नाहीं, तेथेंच घोटाळत राही. उत्तर न येतां बाबदेवपंत अर्ज करीत, "महाराज, मूठ अद्याप आवळलेलीच आहे." मग महाराज कळवळत, आणि राज्य घास टाकून उठे. राणीसाहेब विचारीत, "अहो, जो हात नाहीच तो दुखतो कसा?" आणि राज्याच्या मुखांतून उत्तर जाई, "मला काय माहीत? पण दुखतो गं." त्या पदर डोळ्यांस लावीत. महाराजांस फार लाज वाटे.

सटवोजीनें वेळोवेळीं वर्दी दिली, "सरकार, तिथं काही नाही. मनगटापुढं मोकळं आहे." तेव्हां बाबदेवपंत खवळून बोलिले, "ह्याचें काय ऐकतां? ह्याच्या बुरुजावर चित्र उलटें उमटतें, तें आम्हीं किल्ल्यांत सुलटें करून घेतों. शिवाय ह्याचे जासूद जेथून खालीं उतरतात तेथें ह्यास ठार दिसत नाहीं, तेवढी जागा आम्हीं आजूबाजूचा रंग पाहून भरतों. ऐशाच्या सांगण्यावरून माझा प्रांत गेला म्हणूं?" बोलणें खरें होतें. सटवोजी बुरुजावर परत गेला.

ऐशांत एक वैद्यीण आली. तिनें मेजावर आरसा उभा ठेविला, थोटें आरशामागें दडविलें, आणि उजवा हात मूठ आवळून आरशापुढें ठेवविला. मग म्हणाली, "आता आरशातच बघा हं काका." सटवोजीनें पाहिलें आणि हांक मारिली, "सरकार, डावा प्रांत दिसतोय! मूठ आवळलेली आहे!"

बाबदेवपंतांस आनंद माईना. ते भर दरबारीं म्हणाले, "मी सांगत नव्हतों! सटवोजीसारखा खरा माणूस दुसरा नाहीं. ह्याची वर्दी प्रमाण धरावी." महाराजांनीं प्रमाण धरिली.

मग वैद्यीण म्हणाली, "दोन्ही मुठी हळूहळू सोडा." हुकूम सुटला. उजवी मूठ उघडली, आणि आरशांतलीही उघडली, आणि सटवोजी म्हणाला, "सुटली सरकार. पाची बोटं मोकळी." दरबार बाबदेवपंतांकडे पाहूं लागला. वर्दी प्रमाण, हें त्यांचेच शब्द. शेवटीं ते बोलिले, "मूठ सुटली, ऐसें लिहा." आणि कळ गेली. राज्य रडलें, वैद्यिणीस हंसें आलें, राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, झालं काय?" महाराजांस आरसा ठाऊक होता. तरी मूठ सुटली ती खरीच सुटली.

कळ पुन्हां येई, पुन्हां आरसा मांडीत, पुन्हां जाई. ऐसें करितां पावसाळ्याअखेर येईनाशी जाहली. बाबदेवपंतांस काम उरलें नाहीं. शेजारीं डाव्या गालाचें दफ्तर, तेथील कारकुनांनीं भिंत सारून पंतांची अर्धी जागा घेतली, आणि गालाचे जासूद चुकून पंतांच्या पुढ्यांत वर्दी टाकूं लागले. पंत जुनीं कागदपत्रें चाळीत बसत. त्यांस पाहून महाराजांस वाईट वाटे, परंतु इतक्या इमानी माणसास प्रांत नाहीं हें तोंडावर सांगवेना.

एके दिवशीं रसवंती बंद करून राणीसाहेबांनीं राज्याच्या डाव्या गालावर तळवा ठेविला आणि म्हणाल्या, "दाढी वाढलीय हो." ती वर्दी पंतांकडे गेली. पंत धांवत महाराजांपुढें आले, पागोटें वांकडें जाहलें होतें. म्हणाले, "महाराज, प्रांतांतून बातमी! मूठ उघडी आहे, आणि कोणींतरी हात हातीं धरिला आहे." महाराज म्हणाले, "बरें जाहलें, पंत. लिहून ठेवा."

एवंच, प्रांत गेला, मूठ सुटली, बाबदेवपंत जागेवर कायम आहेत. हात कोणीं धरिला हें त्यांस कळलें नाहीं. महाराजांस कळलें, आणि राज्यानें गाल तेथून हलविला नाहीं.