थरथरेबाबांचा दगड

एका जंगलात, मुलांनो, एक दगड होता. पांढरट, खडबडीत आणि चवीला खारट. म्हणजे पूर्वी तो खारट होता. आता त्याची चव कुणालाच माहीत नव्हती, कारण तो देव झाला होता.

दगडाभोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण होतं. बाहेर पाटी होती : 'थरथरेबाबा देवस्थान. रांगेत यावे. दगड चाटू नये.'

त्याच जंगलात धुरपा नावाची सांबरीण राहायची. तिच्या पाडसाचं नाव मुरू. मुरू दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. त्याच्या वयाची पाडसं आयांना उलट उत्तरं द्यायला लागली होती. मुरू एक पाऊल टाकायचा तेही विचार करून. आणि मधूनच त्याला झटका यायचा. पाय थरथरायचे, डोळे वर जायचे आणि तो आडवा पडायचा. झटका थांबेपर्यंत धुरपा त्याच्या डोक्याशी बसून मनात आकडे मोजायची. एकदा शंभरापर्यंत गेली होती. तेव्हापासून तिला शंभराची भीती वाटायची.

शेजारणी मात्र फार प्रेमळ होत्या. धुरपाचं काय चुकलं, ते त्या रोज येऊन सांगायच्या.

"ग्रहणात गवत तोडलंस ना?" साळींदर काकू विचारायच्या.

"नाही हो काकू. मी बसून होते."

"मग तिथेच चुकलं. ग्रहणात पडून राहायचं असतं."

जंगलात एक सुतार पक्षी होता. त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो आधी ठोकून बघायचा आणि मग बोलायचा. बाकीचे नुसतंच बोलायचे. त्याने मुरूला पाठीपोटावर ठोकून बघितलं, त्याची लघवी पानावर घेतली आणि तीन दिवसांनी परत आला.

"धुरपाताई, ग्रहणाचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "शरीराला मॅग्नेशियम नावाचा एक क्षार लागतो. थोडाच लागतो, पण मेंदूचं आणि स्नायूंचं त्याच्यावाचून चालत नाही. तो लघवीतून निसटायला लागला की आतले राखणदार त्याला पकडून परत आणतात. मुरूचे राखणदार जन्मापासून ढिले आहेत. ते कसे घडवायचे, हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं, त्यातच फरक आहे."

"माझ्यामुळे?"

"कुणामुळेच नाही. असा फरक कधी आईकडून येतो, कधी बापाकडून, आणि कधी कुणाकडूनच नाही, आपला आपण येतो. त्यात चूक कुणाचीच नसते."

धुरपाने मुरूच्या कपाळावरून जीभ फिरवली. दोन वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं.

"यावर उपाय?"

"तो क्षार पोटात जायला हवा. दिवसातून पाच वेळा, थोडा थोडा. झटके कमी होतील. चालणं, बोलणं त्याच्या गतीने होईल. किती होईल, ते मला आज सांगता येणार नाही." डॉक्टरने चोच देवस्थानाकडे वळवली. "आणि आपल्या जंगलात तो क्षार त्या दगडातच आहे."

ही बातमी पसरली तशा शेजारणी यायच्या बंद झाल्या. चूक कुणाचीच नाही म्हटल्यावर येऊन बोलायचं काय?

देवस्थानचे अध्यक्ष होते धुरपाचे सासरे. ती त्यांना मामंजी म्हणायची. मामंजींची शिंगं भारदस्त होती, आणि समोरच्याचं ऐकण्याआधीच ती नकारार्थी हलायची. थरथरेबाबा हे मामंजींचे पणजोबा. दरवर्षी उत्सवात मामंजी बाबांची कथा सांगायचे. बाबा पाच वर्षं मौनात होते. बाबांच्या अंगात यायचं. पाय थरथरायचे, डोळे वर जायचे आणि बाबा समाधी लागून आडवे व्हायचे. भानावर आले की हा दगड चाटत बसायचे.

धुरपाने ही कथा लग्न झाल्यापासून दरवर्षी ऐकली होती. डॉक्टर येऊन गेल्यावर ती तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकली. मग उठून मामंजींकडे गेली.

"मामंजी, बाबांना मुरूसारखाच आजार असावा."

शिंगं हलली. "आजार? बाबांना?"

"म्हणून तर ते दगड चाटायचे. मुरूलाही चाटू द्या."

"सूनबाई, बाबांचं मौन होतं. मुरूला बोलता येत नाही. दोन्हींत फरक आहे."

"काय फरक आहे?"

मामंजींनी बराच विचार केला. "बाबांच्या नावाची पाटी आहे," ते म्हणाले.

त्या आठवड्यात मुरूला चार झटके आले. एकदा आकडा नव्वदवर गेला.

मग उत्सव आला. भर दुपारी सगळं जंगल कुंपणाबाहेर जमलं. मामंजी कथेत रंगले होते. 'बाबांचे पाय थरथरायचे,' इथपर्यंत ते आले आणि गर्दीत मुरूचे पाय थरथरायला लागले. तो आडवा पडला. धुरपा त्याच्या डोक्याशी बसली. एक, दोन, तीन.

कथा थांबली. साळींदर काकूंचे काटे उभे राहिले. "मी तेव्हाच म्हटलं होतं," त्यांनी सुरुवात केली, "ग्रहणात..."

तीस. एकतीस. धुरपाने मान वर केली. फांदीवर डॉक्टर बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टर एकाएकी झाडाची साल फार बारकाईने तपासायला लागला.

धुरपा आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

"बाबा आले," ती हळूच म्हणाली.

काकूंचे काटे खाली बसले. मग काकूही बसल्या, हात जोडून. पाठोपाठ सगळं जंगल वाकलं. मामंजींच्या शिंगांना काय करावं ते कळेना. शेवटी तीही वाकली.

मुरू भानावर आला तेव्हा कुंपण उघडं होतं.

दुसऱ्याच दिवशी ठराव झाला : बाबांना दिवसातून पाच वेळा दगड चाटू द्यावा. काकू रोज हार आणायला लागल्या. मुरू दगडही चाटायचा आणि हारही खायचा. झटके आठवड्यावर गेले, मग महिन्यावर. बोलत मात्र तो नव्हता. त्याला मौन म्हणायचं ठरलं होतं.

एके दिवशी दर्शनाच्या गर्दीतून एक चितळीण कुंपणाशी आली. तिच्या पाडसाचे पाय थरथरत होते. सोबत डॉक्टरची चिठ्ठी होती.

मामंजींनी चिठ्ठी वाचली नाही. "जागा भरली आहे," ते म्हणाले. "बाबा एका वेळी एकच असतात."

धुरपाने ऐकलं. खरं सांगावं, तर मुरूसुद्धा कुंपणाबाहेर जाणार होता. न सांगावं, तर ही बाई उद्यापासून आकडे मोजत बसणार होती. 

मुरूने दगडावरून जीभ काढली. चितळिणीच्या पाडसाकडे बघितलं. विचार करून एक पाऊल बाजूला सरकला. पुन्हा विचार करून दुसरं.

"ये," तो म्हणाला.

गर्दीत एकच गलका झाला. "बाबा बोलले!" "कुणाला म्हणाले?" "ये म्हणजे नक्की काय?" अर्थ लावण्यासाठी मामंजींनी तिथल्या तिथे सात जणांची समिती नेमली. समिती वडाखाली बसली. ती अजून बसलेली आहे.

तोवर दोन्ही पाडसं दगड चाटत होती. त्यांच्या मागे एक ससा येऊन उभा राहिला, सशामागे एक भेकर. रांगेत यावे, असं पाटीवर लिहिलेलंच होतं.

धुरपा बाजूला उभी होती. ती काहीच मोजत नव्हती.

तात्पर्य : मुलांनो, शक्यतो आजारी पडू नये. पडायचंच असेल, तर आधी एखादा चांगला पणजोबा बघून ठेवावा.