वासूबाबांचे अकरावे कलम

लाटंबार्शातली काजूची बाग एका हंगामापुरती मक्त्याने द्यायची असली, तरी वासूबाब वकिलांच्या करारनाम्यात अणुभट्टी यायचीच. पहिल्या दहा कलमांत सीमा, कुंपण, विहीर, पायवाट असे सगळे रीतसर असे. अकरावे कलम मात्र ठरलेले: 'अणुभट्टी, तिचे इंधन वा अवशेष यांपासून किरणोत्सर्ग होऊन काम करणाराच्या शरीरास अपाय झाल्यास त्याची जबाबदारी ज्याचे काम त्याच्यावर राहील.'

"वासूबाब, आमच्याकडे भट्टी एकच, काजूच्या दारूची, हुर्राकाची!" बागवाला हात जोडून म्हणे.

"ती फुटली तरी कलम आसलेला बरा," वासूबाब शांतपणे सांगत, आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे वळत. "गजा, घाल कागद."

गजा म्हणजे मी. डिचोलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात माझा टाइपरायटर, आणि शेजारी वासूबाबांची खुर्ची. त्यांच्या पाटीवर 'कूळ, मुंडकार, वाटण्या' अशी जमिनीची कामे लिहिलेली होती, आणि खाली बारीक अक्षरांत 'व अणुऊर्जा'. गोवा राज्य झाले तेव्हा सगळ्यांनी पाट्या नव्याने रंगवल्या. वासूबाबांनीही रंगवली आणि 'अणुऊर्जा' सगळ्यात वर नेली. साऱ्या गोव्यात अणुभट्टी नाही. पेडण्यापासून वाळपईपर्यंतचे पक्षकार ती पाटी बघून हसत, आणि सगळ्यात आधी मी हसे.

त्या दिवसांत व्हरांड्यात राजभाषेवरून रोज भांडणे होत. दोन्ही बाजू वासूबाबांना ओढायला बघत. ते म्हणत, "कोंकणी जांव, मराठी जांव, निमाणी ओळ वाचणारो व्हयो." निमाणी म्हणजे शेवटची, व्हयो म्हणजे हवा. हा त्यांचा ध्यास होता. कागद टाइप झाला की मी तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, पहिल्या शब्दापासून, दोनदा. पक्षकाराची बस चुको, जांभयांनी जबडा निखळो, सुटका नाही. वाचून झाले की प्रश्न ठरलेला, "निमाणी ओळ वाचलंस?" पावाच्या पुडीचा कागदसुद्धा ते खालपर्यंत वाचून मग टाकत.

एकेकाळी हाच माणूस जत्रेतल्या नाटकांत राजाचे काम करायचा म्हणे. एका वर्षी एकाएकी सोडले ते सोडलेच. कारण विचारले की म्हणत, "पाठांतर जमत नाय."

आता माझी करणी सांगतो. वासूबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता आणि मला त्या अकराव्या कलमाचा वीट आला होता. एकदा मी ते गाळून पाहिले. कोणाच्या लक्षात आले नाही. मग मी गाळतच गेलो. वाचून दाखवताना दहा कलमे कागदावरची वाचायची आणि अकरावे तोंडपाठ म्हणायचे. वासूबाब डोळे मिटून ऐकत, समाधानाने मान हलवत. संध्याकाळी चहाच्या गाड्यावर मी त्यांची नक्कल करून लोकांना हसवी.

आणि एके दिवशी त्यांचे खरे अशील आले. धारगळचा सुभाष वेल्डर. दूर परराज्यात अणुवीज केंद्राच्या दुरुस्तीचे काम चालू होते, तिथल्या ठेकेदाराकडे त्याला नोकरी लागली होती. वासूबाबांना त्या दिवशी बसवेना. अणुअपघाताच्या भरपाईचा वेगळा कायदाच तेव्हा देशात नव्हता. जे मिळायचे ते करारातूनच मिळवायला हवे. सोबत आलेल्या ठेकेदाराच्या माणसाशी त्यांनी तासभर हुज्जत घातली. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "घाला तुमचं कलम, आणि कागद द्या टाइप करून."

वासूबाबांनी अकराव्या कलमाला एक ओळ जोडली. तिथे कामगार छातीवर बिल्ला लावतात, अंगाला किती किरण लागले ते त्यातली फिल्म सांगते. तो आकडा दर महिन्याला कामगाराला लेखी मिळावा, अशी ती ओळ.

मी टाइप केले. रांग मोठी होती, आणि दहावे कलम झाल्यावर हात सवयीने थांबला. वाचताना मात्र तोंड सवयीने पुढे गेले, नव्या ओळीसकट. सुभाष कागद घेऊन त्याच दिवशी गेला.

कार्बन कॉपी फायलीला लावताना मला कळले. मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नेहमी गाळलेले कलम या वेळी खरेच हवे होते, हे कोणत्या तोंडाने सांगणार? तिसऱ्या दिवशी वासूबाबांनी भिंग लावून ती कॉपी वाचायला घेतली.

"गजा, तू वाचलंस ता खंय आसा रे?"

मी मान खाली घातली. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते कागदाकडेच बघत राहिले. "आमच्या अंतूच्या कागदाची चार पानां होती," ते म्हणाले. अंतू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तरुणपणीच वारलेला, एवढेच आम्हाला ठाऊक. "तो अशाच कामार गेलो. तीन पानां मी वाचलंय. माका तालमीक उशीर होत होतो. म्हटलंय, कर सही. चवथ्या पानार निमाणी ओळ होती, बिल्लो ठेकेदाराचो, आकडो पण ठेकेदाराचो. तो दुखणां घेवन इलो, आणि हातात दाखवूक एक कागद नाय."

त्याच संध्याकाळी मोतीबिंदूचे डोळे घेऊन, हाताने लिहिलेले कलम खिशात घालून, ते एकटेच ठेकेदाराकडे निघाले. मी सोबत येतो म्हणालो नाही. तिथे सुभाषची सही झाली होती. वासूबाब तीन दिवस ठेकेदाराच्या दारात बसून राहिले. करार बदलला नाही, पण दर महिन्याला आकडा लेखी द्यायचे त्यांनी कबूल करून घेतले. परत आले ते थकून. मला एवढेच म्हणाले, "झाला काम." मी 'बरे झाले' म्हटले. माफी उद्या मागू असे ठरवले, आणि तो उद्या चार वर्षे लांबला.

वासूबाब वारले तेव्हा सुभाष व्हरांड्यात आला. त्याने खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, महिन्यामहिन्याचे आकडे. "कागदात कलम रवला म्हणून तुमी वायट वाटून घेव नकात," तोच मला म्हणाला. "वकीलबाबांनी माका सांगितला होता, 'कलम घालूक मीच विसरलंय.' तेंची नजर गेली होती ना."

मी ते कलम कसे गाळले, किती वर्षे गाळले, चहाच्या गाड्यावर कसा हसलो, सगळे त्याला सांगितले. शेजारच्या खुर्चीवर वासूबाबांचे भिंग तसेच पडले होते. ज्यांना सांगायचे होते, ते ऐकायला नव्हते.

सुभाषने वरची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. मी ती मोठ्याने वाचली, दोनदा, निमाण्या ओळीपर्यंत.